रस्ता रिकामा होण्याची वाट

छायाचित्रांविषयीं आकाशवाणीवरून बोलावयाचें म्हणजे पाहुण्याला पानावर बसवून पक्वान्नांचीं नुसतीं नांवें वाचून दाखविण्यासारखें आहे. दाखवावयास माझ्या हातांत कांहीं नाहीं आणि पाहावयास तुमच्यापुढें कांहीं नाहीं. तरीहि हें निमंत्रण मीं संकोच न करतां स्वीकारलें. शहराचे रस्ते, घरें, पूल, बाजार यांचीं छायाचित्रें काढणें हा माझा गेल्या पंचवीस वर्षांचा उद्योग आहे. आणि त्या उद्योगांत सर्वांत उपयोगीं पडलेला धडा मला कोणत्याहि चित्रावरून मिळालेला नसून, एका म्हाताऱ्या बाईचें बोलणें ऐकून मिळाला आहे. ती हकीकत ओघानें येईलच. आधीं एका रिकाम्या रस्त्याविषयीं बोलूं.

१८३८ सालीं पॅरिसमध्यें लुई दागेर यानें आपल्या उंचावरच्या खिडकींतून खालचा एक हमरस्ता टिपला. बुलव्हार द्यु तांप्ल हें त्या रस्त्याचें नांव. नाटकगृहांचा तो भाग. माणसांची आणि घोडागाड्यांची तेथें सदा वर्दळ असे. पण दागेरची ती रुप्याचा मुलामा दिलेली तांब्याची पट्टी पाहिली, तर तींत झाडें आहेत, छपरें आहेत, धुराडीं आहेत, आणि रस्ता मात्र ओस पडला आहे. कारण साधें होतें. पट्टीवर प्रतिमा उमटावयास कित्येक मिनिटें लागत. तेवढ्या वेळांत जें जें हललें, तें तें पट्टीच्या लेखीं नव्हतेंच. अवघ्या गर्दींतून एक माणूस तेवढा ओळखूं येण्याजोगा उमटला. कारण तो एक पाय पुढें करून बूट पुसून घेत उभा होता. छायाचित्रांत सांपडलेला पहिला माणूस म्हणून त्याची कीर्ति आहे. तारायंत्राच्या शोधाशीं ज्याचें नांव जोडलेलें आहे, त्या सॅम्युएल मोर्सनें १८३९ सालीं ही पट्टी पाहिली आणि आपल्या भावाला पत्र लिहून त्यांत तिचें नवल सांगितलें.

मला मात्र त्या चित्रांत नेहमीं दुसऱ्याच माणसाची कींव येते. बूट पुसून घेणारा स्थिर राहिला म्हणून टिकला. पुसणाऱ्याचे हात चालू होते, म्हणून तो बिचारा एक धूसर डाग होऊन बसला. सेवा घेणारा स्पष्ट आणि सेवा करणारा पुसट, ही शहराच्या चित्रांतली खोड अगदीं पहिल्या दिवसापासूनची आहे म्हणावयाची!

पुढें कांचा सुधारल्या, फिल्म आली, फिल्मही गेली. आज खिशांतला मोबाईल धांवत्या बसला जागच्या जागीं खिळवून ठेवतो. पण गंमत अशी कीं, यंत्राची अडचण दूर झाली तरी रिकाम्या रस्त्याची आवड आम्हां छायाचित्रकारांच्या अंगीं राहूनच गेली. पहांटे चारला उठावें, दूधवाल्याच्याहि आधीं रस्त्यावर पोंचावें, आणि एकहि माणूस चौकटींत नाहीं असें पाहून कळ दाबावी. दागेरला जें नाइलाजानें करावें लागलें, तें आम्ही व्रत म्हणून करूं लागलों. मी स्वतः या व्रताचें कित्येक वर्षें मोठ्या निष्ठेनें आचरण केलें आहे.

त्या व्रतानें मला कांहींच शिकविलें नाहीं असें मात्र म्हणवत नाहीं. मुंबईच्या ओव्हल मैदानाचें उदाहरण घ्या. मैदानाच्या पूर्वेस हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर अशी एकोणिसाव्या शतकांतील गॉथिक धाटणीची रांग आहे. पश्चिमेस १९३० नंतर उभ्या राहिलेल्या, गोलसर कोपऱ्यांच्या आर्ट डेको घरांची रांग आहे. या दोहोंना मिळून २०१८ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला. पण छायाचित्रकाराला त्या एकदम कधींच मिळत नाहींत. सकाळीं ऊन पूर्वेकडून येतें तेव्हां आर्ट डेको घरांचे सज्जे उजळतात, आणि राजाबाई टॉवर नुसती काळी बाह्यरेषा होऊन उभा असतो. दुपार कलली कीं हाच खेळ उलटा होतो. टॉवरचा दगड मधासारखा पिवळा दिसूं लागतो आणि समोरचीं घरें सांवळून जातात. मैदानाच्या मधोमध उभें राहून पाठ तेवढी फिरवावयाची. मात्र मध्यें सात-आठ तास जावे लागतात. गिरगांव-भुलेश्वरच्या बोळांत तर भर उन्हाची वेळ अगदींच निरुपयोगी. एक बाजू चुन्यासारखी पांढरी आणि दुसरी शाईसारखी काळी. तेथें आषाढांतलें ढगाळ आभाळ हवें. त्या वेळीं उजेड चोहोंकडून सारखा झिरपतो, लांकडी कठड्याची प्रत्येक नक्षी दिसते, आणि भिजलेल्या फरशीवर आभाळाचा थोडा प्रकाश परत उमटतो.

उंच इमारतींची आणखी एक अडचण असते. खालीं उभें राहून कॅमेरा वर केला, कीं भिंती एकमेकींकडे झुकतात आणि इमारत मागें कोसळते आहे असें वाटतें. यावर उपाय दोन. पहिला यंत्राचा : कॅमेऱ्याची पाठ सरळ उभी ठेवून पुढचें भिंग तेवढें वर सरकवावयाचें. दुसरा उपाय म्हणजे समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर जाऊन तेथून चित्र घ्यावयाचें. या दुसऱ्या उपायाला यंत्र लागत नाहीं; अनोळखी माणसाच्या दाराची कडी वाजविण्याचें धैर्य लागतें. मला पुष्कळ वर्षें पहिला उपाय बरा वाटे. तसलें भिंग महाग असतें, तरीसुद्धां!

हें वर सरकविलेलें भिंग म्हटलें कीं मला युजेन अत्जे आठवतो. त्याच्या कित्येक चित्रांचे वरचे दोन कोपरे काळवंडून गोलसर झाले आहेत. भिंग त्याच्या मर्यादेबाहेर वर नेल्याची ती खूण. कोपरे गेले तरी चालतील, घराचा माथा आला पाहिजे, असा त्याचा हिशेब होता. अत्जेचा जन्म १८५७ सालचा, फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील लिबूर्न गांवचा. लहानपणींच आईबाप गेले. तो जहाजावर गेला, नंतर नट झाला. तेंहि फारसें साधलें नाहीं, तेव्हां तिशीच्या आसपास त्यानें कॅमेरा हातीं घेतला. आपल्या धंद्याची पाटी त्यानें लावली, तिचा अर्थ एवढाच होता : ‘कलावंतांसाठीं दस्तऐवज’. चित्रकाराला झाड हवें असे, नेपथ्य करणाऱ्याला जुना जिना हवा असे, लोहकाम करणाऱ्याला जाळीचा नमुना हवा असे. ते अत्जेकडून छापे विकत घेत. पुढें ग्रंथालयें आणि संग्रहालयें त्याचीं गिऱ्हाइकें झालीं, आणि जुनें पॅरिस हाच त्याचा जन्माचा विषय होऊन बसला.

त्याच्या आधीं त्याच शहरांत शार्ल मार्व्हील होऊन गेला होता. हाउसमाननें रुंद रस्त्यांसाठीं पॅरिसचे जुने मोहल्ले पाडावयास काढले, तेव्हां जे रस्ते जावयाचे होते त्यांचीं चित्रें घेण्याचें काम १८६५ च्या सुमारास मार्व्हीलकडे आलें. त्यानें सव्वाचारशेंच्या घरांत चित्रें घेतलीं. मार्व्हील पाडकामाच्या आधीं आला. अत्जे नंतर आला, आणि उरलेलें शोधीत हिंडला. १८ × २४ सेंटिमीटरच्या कांचा, लांकडी कॅमेरा, तिपाई असा सगळा संसार खांद्यावर घेऊन तो जवळजवळ तीस वर्षें सकाळच्या वेळीं पॅरिसभर फिरला. आयफेलच्या मनोऱ्याकडे त्यानें बहुधा पाठच केली. दाराचे कडे, अंगणांतला हौद, दारूच्या दुकानाची पाटी, टांगलेले बूट, हातगाडीवरचा भाजीपाला, हीं त्याचीं स्मारकें.

त्याचेहि रस्ते रिकामे आहेत. वाल्टर बेन्यामिन या जर्मन लेखकानें १९३१ सालीं त्या रिकामेपणाला गुन्हा घडलेल्या जागेची उपमा नोंदवून ठेविली, आणि तेव्हांपासून अत्जेविषयीं लिहिणारा जो तो ती उपमा देतो. मला ती कधींच पटली नाहीं. चित्र जरा जवळ घेऊन पाहिलें कीं हॉटेलच्या दाराच्या कांचेमागें वाढप्याचा चेहरा दिसतो. घोडा उभा असतो, त्याची मान हलल्यामुळें तिचें धुकें झालेलें असतें. कपड्यांच्या दुकानांतील पुतळ्यांवर किमतीच्या चिठ्ठ्या लटकत असतात, आणि त्याच कांचेंत समोरचीं झाडें व घरें उमटलेलीं असतात. एवढा बाजारभाव ज्या ठिकाणीं वाचतां येतो, तें ठिकाण ओसाड कसें म्हणावें? तेथील माणसें नुकतीं आंत गेलेलीं आहेत इतकेंच.

१९२० सालीं अत्जेनें आपल्या सव्वीसशेंहून अधिक कांचा फ्रान्सच्या सरकारला दहा हजार फ्रँकांस विकल्या. पुढें त्याच्याच रस्त्यावर राहणारा मॅन रे हा अमेरिकन कलावंत त्याच्या चित्रांवर लुब्ध झाला. ग्रहण पाहणाऱ्या लोकांचें अत्जेनें १९१२ सालीं काढलेलें चित्र मॅन रेच्या मंडळींनीं १९२६ सालीं आपल्या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर छापलें; तेव्हां अत्जेनें बजावलें कीं, माझें नांव घालूं नका, मी नुसते दस्तऐवज तयार करतों. या उत्तराला लोक विनय म्हणतात. मला वाटतें, तो आपल्या मालाचें अचूक वर्णन करीत होता. दस्तऐवज म्हणजे ज्याच्या आधारें मागाहून कोणी तरी म्हणूं शकेल कीं, हें असें होतें, येथें होतें, आणि माझें होतें.

१९२७ सालीं अत्जे वारला. बेरेनिस ॲबट या तरुण अमेरिकन छायाचित्रकर्तीनें त्याच वर्षीं त्याचें स्वतःचें चित्र घेतलें होतें. छापे घेऊन ती त्याला दाखवावयास गेली, तों तो गेल्याचें तिला कळलें. त्याच्या घरीं उरलेल्या कांचा आणि हजारों छापे तिनें १९२८ सालीं खरेदी केले, अमेरिकेंत नेले, आणि चाळीस वर्षें सांभाळून १९६८ सालीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाला दिले. मधल्या काळांत तिनें स्वतः १९३५ ते १९३९ या वर्षांत बदलत्या न्यूयॉर्कचें चित्रण केलें. तो विषय मोठा आहे. आज त्यांत शिरत नाहीं.

आपल्याकडे हा उद्योग नवा आहे असें कोणी समजूं नये. मुंबईंत छायाचित्रकारांची संस्था १८५४ सालींच स्थापन झाली, आणि तिच्या आरंभींच्या मंडळींत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे होते. त्यानंतर दहा-बारा वर्षांतच मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडला गेला. पाडापाडहि आपल्याला नवी नाहीं. १८६८ सालचा कर्नाक पूल २०२२ च्या नोव्हेंबरांत उतरवून नेला, तेव्हां मीं तो अखेरचा टिपला. पण खरें सांगावयाचें तर त्या चित्रांत मला पुलापेक्षां क्रेनच अधिक दिसते.

आतां ती हकीकत. गिरगांवांतल्या एका वाडींत तीन मजली लांकडी चाळ होती. २०१७ सालच्या पावसाळ्यांत मी तेथें चित्र घ्यावयास गेलों. उजेड मनासारखा होता. दुसऱ्या मजल्याची लांबलचक गॅलरी, तिचा कोरीव कठडा, ओळीनें दारें, आणि टोंकाशीं पायांनीं झिजून मध्यें खोलगट झालेला जिना. पण कठड्याच्या आडव्या दोरीवर या टोंकापासून त्या टोंकापर्यंत धुणें वाळत घातलेलें! मीं हात जोडून बायकांना विनंती केली कीं, अर्धा तास हे कपडे आंत घ्याल का? माणसें भली होतीं. त्यांनीं पावसाळ्याच्या दिवसांत ओले कपडे घरांत नेले, पायपुसणीं उचललीं, मुलांना दटावून आंत बसविलें. मीं रिकामी गॅलरी टिपली. तें चित्र चांगलें उतरलें, एका प्रदर्शनांत लागलें, आणि मोठ्या आकाराचा त्याचा छापा माझ्या बैठकीच्या खोलींत आजहि आहे.

२०२१ सालीं ती चाळ पाडली. नवी इमारत व्हावयाची होती. बिऱ्हाडें भाड्याच्या जागांत पांगलीं. पुढल्या वर्षीं एका गृहस्थांचा मला फोन आला. त्यांच्या आईंना आपल्या चाळीचा फोटो हवा होता, आणि तेथें कोणी फोटो काढल्याचें त्यांना स्मरत होतें. मीं म्हटलें, “त्यांना अवश्य घेऊन या.” मला त्यांत थोडा अभिमानच वाटला, हें कबूल करतों.

आजी ऐंशीच्या पुढच्या. त्यांना मीं त्या मोठ्या चित्रासमोर खुर्ची दिली. त्यांनीं चष्मा पुसला, पाहिलें, पुन्हां पाहिलें.

“हें कुठलं रे?” त्यांनीं विचारलें.

“आजी, तुमचीच गॅलरी. दुसरा मजला.”

“आमची? आणि दोरी कुठंय?”

मीं सांगितलें कीं, कपडे तेवढ्यापुरते काढावयास लावले होते.

“अरे, मग कळणार कसं?” त्या म्हणाल्या. “खालून येणारा माझं लुगडं दोरीवर पाहायचा न् समजायचा, की म्हातारी घरांत आहे. नसलं, तर कोणी वर यायचं नाही. आमच्याकडे दाराला घंटा कधी होतीच कुठे!”

त्यांच्या बोलण्यांत रागाचा लवलेश नव्हता. त्या केवळ चित्रांतलें दार शोधीत होत्या, आणि सगळीं दारें एकसारखीं असल्यामुळें त्यांना तें सांपडत नव्हतें. मीं ज्याला अडगळ समजून चौकटीबाहेर घालविलें होतें, त्यांतच त्या घरांचे पत्ते लिहिलेले होते.

त्या रात्रीं मीं त्या दिवशींचीं सर्व चित्रें पुन्हां काढून पाहिलीं. आमच्या धंद्यांत खरें चित्र घेण्यापूर्वीं उजेडाचा अंदाज घेण्यासाठीं एक-दोन चित्रें सहज घेतात. पुढें तीं कोणी पाहत नाहीं. तसें एक निघालें. कॅमेरा किंचित् तिरपा, एक कोपरा अंधारांत. पण दोरी होती. दोरीवर सदरे होते, परकर होते, गणवेष होते आणि एक हिरवें नऊवारी लुगडें होतें. एक मुलगा जिन्याकडे धांवत होता. त्याचें तोंड हललेलें, पायांत एकच चप्पल. आणि मला दिसलें कीं, हीच त्या दागेरच्या पट्टीवरची पुसट आकृति आहे, आणि या खेपेस तिला पुसून टाकण्याचें काम यंत्रानें केलें नव्हतें.

तेव्हांपासून मीं कामाची रीत थोडी बदलली आहे. पहांटे मी अजूनहि जातों; उजेडाशीं माझें भांडण नाहीं. पण पहिलें चित्र, जें आहे तें तसेंच ठेवून घेतों, आणि तें कितीहि वेडेंवांकडें असलें तरी फेंकून देत नाहीं. दुकानाची पाटी वाचतां येईल इतकी जवळ घेतों. छाप्याच्या मागें वार, वेळ, गल्ली, मजला लिहितों. आणि उंच इमारतीसाठीं आतां समोरच्या घराची कडी वाजवितों. दहांपैकीं तीन-चार घरांतून नकार येतो. त्यांचा तो अधिकारच आहे. उरलेल्या घरांत चहा मिळतो, आणि चहा होईपर्यंत समोरच्या इमारतीविषयीं जें ऐकावयास मिळतें, त्यावरून कॅमेरा कोठें ठेवावयाचा तें पुष्कळदां ठरतें. एकदां एका काकूंनीं मला सांगितलें कीं, समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी सोडूं नका, साऱ्या वाडीचीं मुलें तिच्याखालीं अभ्यास करून पास झालीं. मी ती टाकी चौकटीबाहेर ठेवणार होतों.

तें तिरपें चित्र घेऊन दुसऱ्या दिवशीं मी आजींकडे गेलों. त्यांनीं लुगडें ओळखलें, मग दार ओळखलें. दाराशीं पायपुसणें होतें, तें त्यांच्या यजमानांच्या जुन्या कोटाचें. मग बोट ठेवीत ठेवीत त्यांनीं एकेक दार मोजलें आणि प्रत्येक दारामागचें बिऱ्हाड सांगितलें. धांवणारा मुलगा शेवटच्या खोलींतला. आतां तो पुण्याला शिकतो म्हणे.

“याच्या अकरा प्रती काढ,” त्या म्हणाल्या.

“अकरा कशाला, आजी?”

“मजल्यावर अकरा बिऱ्हाडं होतो आम्ही. पत्ते आहेत माझ्याकडे.”

त्यांनीं वहींतून पत्ते उतरवून दिले : डोंबिवली, विरार, नालासोपारा, एक थेट नाशिकचा. मीं छापे काढले, प्रत्येकाच्या मागें तारीख आणि त्या त्या दाराचा क्रमांक लिहिला. आजींची प्रत हातीं दिली आणि दहा टपालानें रवाना केल्या. नऊ पोंचल्याचे निरोप आले. दहावें पाकीट तीन आठवड्यांनीं परत आलें. राहणारे जागा सोडून गेले, असा त्यावर शेरा होता. डावीकडून सातवें दार त्यांचें. आजी अजून त्यांचा नवा पत्ता शोधीत आहेत, आणि तें पाकीट माझ्या टेबलाच्या खणांत आहे.